बिअर नाही सर, ऑक्सिजन!

गेल्या टर्मला आम्ही तिघांनी मिनी-प्रोजेक्टचा विषय दिला, ‘घरगुती बिअरमध्ये शिरणारा ऑक्सिजन कमी कसा करावा’. सर हसले आणि कागद परत केला. “हॉस्टेलला राहता ना? मग हे नको.”

मित्रांनो, सरांवर राग नाही. लायसन्सशिवाय बिअर बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि प्यायला २१ पूर्ण लागतात. मी अजून २० चा! बनवायची आम्हाला नव्हतीच. पण एका शब्दासाठी अख्खा विषय गेला, हे काही पटलं नाही.

कारण विषय हवेचा आहे. यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. एकदा आंबून झालं की तोच शत्रू. वास उडतो, रंग काळवंडतो, पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. चांगल्या ब्रुअरीज पॅक केलेल्या बिअरमधला ऑक्सिजन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्याही खाली ठेवायला बघतात.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर बनवायला मोकळीक मिळाली. तिथल्या हौशी लोकांत एक समजूत आहे, की कार्बन डायऑक्साइड जड, म्हणून तो बिअरवर पांघरुणासारखा बसतो. पण गॅस एकमेकांत मिसळतात हो! मग गणित करा. रिकाम्या टाकीत कार्बन डायऑक्साइड भरून प्रेशर तिप्पट केलं आणि सोडून दिलं, की ऑक्सिजन एक तृतीयांश उरतो. २१ टक्क्यांचे ७, मग २.३. पाच वेळा केलं तरी ०.०९ टक्के शिल्लक, आणि गॅस फुकट. त्यापेक्षा टाकी पाण्याने काठोकाठ भरा आणि ते पाणी गॅसने ढकलून बाहेर काढा. हवेला आत जागाच नाही.

आणखी गंमत म्हणजे आत प्रेशर जास्त असूनही सिलिकॉनच्या नळीतून ऑक्सिजन आत येतो! कारण त्याला एकूण प्रेशर कळत नाही, स्वतःचं पार्शल प्रेशर कळतं. डाल्टनचा नियम आपण परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहितो. तो खरा कळतो तो अशा नळीपाशी.

आणि हे काय परकं ज्ञान आहे? आजी लोणच्याची बरणी गच्च दाबून भरते, वर तेलाचा थर ठेवते. काम तेच, हवा बाहेर ठेवायची. गोवंडी स्टेशनबाहेर चिप्सचं फुगलेलं पाकीट घेतो, त्यात नायट्रोजन असतो तोही याचसाठी. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. अशा ठिकाणी टाक्या, व्हॉल्व्ह, प्रेशर सांभाळणारी माणसं लागतात. ती इंजिनिअरिंगचीच पोरं ना?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की विषयाचं नाव बघू नका, आतलं काम बघा. आमचा प्रयोग साध्या पाण्यावर होतो. पाणी उकळून गार करायचं, एकदा वरून ओतायचं, एकदा बंद नळीतून न्यायचं, आणि दोन्हीतला ऑक्सिजन विंकलर टेस्टने मोजायचा. बाटलीत थेंबभर दारू नाही.

या टर्मला तोच कागद ‘पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन’ या नावाने पुन्हा देतोय. बहुतेक पास होईल. तेवढंच जरा वाईट वाटतंय.