डबा नको, काच घ्या!

मंडळी, परवा पुतण्याचा फोन आला. "काका, माझा चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा काढून टाकतोय. घरातल्या कार्यक्रमाचे फोटो धड येतच नाहीत. आता बत्तीसचा घेतो."

मी म्हटलं, "अरे, घरातले फोटो बिघडले ते मेगापिक्सेल कमी पडले म्हणून नव्हे!"

मास्तर आहे, गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. ए-फोर कागदावर इंचाला ३०० टिपके धरून फोटो छापला तर लागतात सुमारे ८७ लाख पिक्सेल. त्याच्याकडे आहेत २ कोटी ४० लाख. मग आणखी ८० लाख घेऊन काय लोणचं घालायचं?

दादाच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो त्यानेच काढले होते. ओवाळताना दादा मनापासून हसला, तो क्षण नेमका टिपलाय... पण चेहरा हललेला. फोटोची माहिती उघडून पाहिली. शटर १/१५ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ५.६. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स ५५वर नेली की याहून जास्त उघडतच नाही. दादाच्या डोळ्यांना फ्लॅश सहन होत नसे, त्यामुळे तोही बंद. तिथेच ५० एमएम एफ १.८ लेन्स असती तर नऊ पटींहून जास्त उजेड आत आला असता, शटर १/१२५वर नेता आलं असतं. चार महिन्यांनी दादा गेला. तो फोटो आता पुन्हा काढता येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की दुकानदार आपल्याला डबा विकतो आणि आपण डबाच विकत घेतो. दोन लेन्सचं किट, बॅग फुकट, कार्ड फुकट, वर स्वस्तातला यूव्ही फिल्टर. त्या फिल्टरने समईची ज्योत फोटोत दोनदा दिसते! ट्रायपॉड घ्या म्हणतात. पण ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर राहतो, माणूस नाही.

नव्या बॉडीत आयएसओ जास्त चढवता येतो, हे मला मान्य आहे. पण लेन्स तीच ठेवलीत तर उजेडाची उधारी तशीच राहते. शिवाय बॉडी जुनी होते, काच टिकते. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणलं. त्याच वर्षीची ५० एमएम एफ १.८ लेन्स २००३ सालच्या ३००डीवर चालत होती आणि आज अ‍ॅडॉप्टर लावून त्यांच्या मिररलेस बॉडीवरही चालते. त्या ३००डीचे ६३ लाख पिक्सेल मात्र आज कोणी विचारत नाही.

तेव्हा ज्यांना कॅमेरा घ्यायचाय त्यांनी आधी ठरवावं की फोटो कशाचे काढायचे. घरातल्या माणसांचे असतील तर बॉडी साधी, जुनी चालेल. मोठ्या अ‍ॅपर्चरची एक लेन्स घ्या, एक जादा बॅटरी घ्या. पुरे झालं. पक्षी टिपायचे असतील तर हिशेब वेगळा, पण तिथेही खर्च आधी काचेवरच.

असो. मार्गशीर्षात वहिनीची पंचाहत्तरी आहे. पुतण्याला सांगितलंय, बत्तीसचा विचार सोड, तुझ्या कॅमेऱ्याला बसेल अशी एफ १.८ घेऊन ये. निम्मे पैसे मी देतो.

तो अजून "बघतो" म्हणतोय. तुम्हीच सांगा त्याला, काकाचं काही चुकतंय का?