पाकिटावरचे मौन

संहिता जे सांगते त्याच्याइतकेच ती जे गाळते तेही वाचावे, असे आपण साहित्याच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. हीच सवय एकदा कॉफीच्या पाकिटाला लावून पाहावी, अशी आमची सूचना आहे. येथे आम्हांला इन्स्टंट कॉफीची बाटली अभिप्रेत नाही. गेल्या दहाबारा वर्षांत दिल्ली, बंगळूर, मुंबई, पुणे येथे जे छोटे, स्वतंत्र म्हणवणारे रोस्टर उभे राहिले, त्यांचे देखणे पाकीट आम्हांला अभिप्रेत आहे.

या पाकिटावर चिकमगळूर वा कोडगूतल्या मळ्याचे नाव असते. समुद्रसपाटीपासूनची उंची, एस. 795 किंवा सिलेक्शन 9 असा वाण, बिया धुतल्या की फळासकट वाळवल्या ते, भाजल्याची तारीख, आणि शेवटी जर्दाळू, चमेली, गूळ अशी चवींची नामावली असते. एवढ्या तपशिलात एक आकडा मात्र सापडत नाही. या बियांसाठी मळ्याला किती पैसे दिले?

या मंडळींचे श्रेय आम्ही नाकारत नाही. 1942 च्या कायद्यानंतर दीर्घकाळ भारतातली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जात असे. तेथे प्रतवारी होई, पण कोणता दाणा कोणत्या मळ्यातला, ही ओळख पुसली जाई. नव्वदच्या दशकात ही पकड टप्प्याटप्प्याने सुटली आणि 1996 पासून मळेवाल्याला आपला माल हवा त्याला विकता येऊ लागला. त्या मोकळिकीशिवाय स्वतंत्र रोस्टर संभवलाच नसता. निनावी दाण्याला त्याने नाव दिले, हे खरे. पण नाव देणे म्हणजे मोल देणे नव्हे. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर ठळक छापून मानधनाविषयी चकार शब्द न काढणारे प्रकाशक आपल्याला अपरिचित नाहीत.

शिवाय नाव येते ते मळ्याचे. फळे तोडणारे हात पाकिटावर कोठेच नसतात. एक किलो कच्च्या बियांसाठी साधारण पाचसहा किलो फळे लागतात. सगळी फळे एकदम पिकत नसल्याने, फक्त पिकलेली निवडायची तर त्याच झुडपाकडे पुनःपुन्हा जावे लागते. कोडगूत हे काम करणाऱ्यांत आसामातून आलेले मजूरही आहेत. रोस्टर स्वतःच सांगतो की भाजताना बीमध्ये नसलेला दर्जा आणता येत नाही, असलेला तेवढा उलगडता किंवा बिघडवता येतो. हे त्याचेच विधान आम्ही प्रमाण मानतो. दर्जा मळ्यात घडत असेल, तर दर्जाची किंमत मळ्यात किती पोचली हे विचारणे आगंतुकपणाचे कसे?

यावर ठरलेले उत्तर येते: धंदा अवघड आहे. आहेच. शंभर किलो कच्च्या बिया भाजल्या की पंधराएक किलो वजन उडून जाते. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते, म्हणजे वर्षभराचा माल थोड्या महिन्यांत घेऊन ठेवायचा आणि त्यात अडकलेल्या पैशाचे व्याज भरायचे. यंत्र, भाडे, पाकीट, वाहतूक वेगळीच. पण मग हेही छापावे! ज्याचा हिशेब प्रामाणिक आहे त्याला उघड हिशेबाचा फायदाच होईल. ही कल्पना हवेतली नाही. कोपनहेगनच्या कॉफी कलेक्टिव्हने शेतकऱ्याला दिलेला भाव पाकिटावर छापून दाखवला आहे.

‘थेट खरेदी’ आणि ‘रास्त भाव’ हे शब्द आम्हांला पुरेसे वाटत नाहीत, कारण त्यांची कोणालाही बांधून ठेवणारी व्याख्या नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात 2001 मध्ये अरेबिकाचा भाव पौंडाला 50 सेंटच्याही खाली गेला होता आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो 4 डॉलरच्या वर चढला. तेजीच्या वर्षी बाजारभाव देणारा औदार्याचा आव आणू शकतो आणि मंदीच्या वर्षी दुप्पट देणाराही मळा वाचवू शकेलच असे नाही. म्हणून दिलेल्या भावाशेजारी त्या वेळचा बाजारभावही हवा.

आणि ‘स्वतंत्र’? अमेरिकेत याच विशेषणाने ओळखले गेलेले स्टम्पटाउन आणि इंटेलिजेन्शिया 2015 मध्ये पीट्सच्या छत्राखाली गेले. 2017 मध्ये ब्लू बॉटलचा बहुसंख्य हिस्सा नेस्लेने घेतला. विकणे हा गुन्हा नव्हे. पण मालकी बदलताच संपणारे स्वातंत्र्य हे मूल्य नसून केवळ भांडवलाची एक अवस्था असते. उघड हिशेबाची शिस्त मात्र मालक बदलला तरी मागता येते, आणि मोडली तर दाखवून देता येते.

आमची मागणी तीन आकड्यांची आहे: मळ्याला किलोमागे दिलेला भाव, त्या वेळचा बाजारभाव आणि तोडणीची मजुरी. तिसरा आकडा मळेवाल्याकडून मागून घ्यावा लागेल, आणि तो मागण्याचे बळ खरेदीदाराकडेच असते. हे आकडे येईपर्यंत पाकिटावरचा मजकूर आम्ही जाहिरात म्हणूनच वाचू, मग तो कितीही काव्यमय असो. ज्या जिभेला कॉफीत जर्दाळू ओळखता येतो, त्या डोक्याला तीन आकडे जड जाणार नाहीत.