‘त्या काळी तसंच होतं’ म्हणजे नेमकं कसं?

दादासाहेब फाळक्यांची तारामती पुरुष का, असं नाशकात कुणी विचारलं की उत्तर तयार असतं: ‘त्या काळी तसंच होतं. पडद्यावर कोण दिसतं नि कोण नाही, हे मोजत बसण्याचं खूळ पाश्चात्त्यांचं. आपल्या जुन्या सिनेमांना ते लावू नका.’

यातलं खरं आहे ते आधी मान्य करतो. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) बाई मिळेना. वेश्यावस्तीतूनही नकार आले, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. उरलेल्या रिळांत ते दृश्य आजही बघता येतं: राणी आणि सख्या हौदात पाणी उडवतायत, ओली लुगडी अंगाला चिकटलेली, आणि आत झाडून सगळे बाप्ये. हसू येतं, येऊ द्यावं. दादासाहेबांच्या अडचणीचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही.

पण पुढे काय झालं? त्याच वर्षी फाळके नाशकात आले आणि इथेच त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात पार्वती दुर्गाबाई कामत, मोहिनी त्यांची मुलगी कमलाबाई (विक्रम गोखल्यांची आजी, म्हटलं की लोकांना पटकन ओळख पटते). तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम साळुंके आणि सीताही साळुंकेच! साळुंके हाताशी होते, प्रेक्षकांना आवडत होते, संगीत नाटकांमुळे स्त्रीपार्टी कुणाला खटकत नव्हता. कारणं कळतात. पण बाई पडद्यावर येऊन गेल्यावर पुन्हा पुरुष उभा केला, तो नाइलाज नव्हे, निवड होती.

‘खूळ पाश्चात्त्यांचं’ हेही अर्धवटच. १९१५ साली अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांचं विद्रूप सोंग आणत होते, तेव्हा बोस्टनमध्ये कृष्णवर्णीय माणसं निषेधाला रस्त्यावर उतरली होती. म्हणजे ‘तो काळ’ तिथेही एकमुखी नव्हता. ज्यांचं सोंग काढलं जात होतं, त्यांना ते तेव्हाच झोंबलं होतं. आणि नाशिकचं काय? फाळक्यांच्या इथल्या सिनेमाच्या कारखान्यात पडद्यावरचा राम घडत होता, त्याच गावात २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो दलित माणसं प्रवेशासाठी काळाराम मंदिराच्या दाराशी उभी राहिली. राम कुणाचा, हा प्रश्न आम्हाला अमेरिकेतून मागवावा लागला नाही.

आता दुसऱ्या टोकाचे. जुने सिनेमे सदोष, तेव्हा ते दाखवूच नयेत, हा त्यांचा उपाय. मग ‘कालिया मर्दन’ही (१९१९) गेला, त्यात कृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांचीच मुलगी. हे पाहिलंच नाही तर पडद्यावरच्या बायकांचा इतिहास सांगायचा कशावरून?

सिनेमे दाखवा, नि सोबत नावंही सांगा. सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, फिल्मला छिद्रं पाडली, ती धुतली, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला. तरी आपल्याकडे त्यांची ओळख ‘दादासाहेबांना साथ देणारी पत्नी’ एवढीच. छिद्रं पाडल्याशिवाय फिल्म कॅमेऱ्यातून सरकत नाही; हे तांत्रिक काम एखाद्या पुरुषाने केलं असतं, तर त्याला आपण तंत्रज्ञ म्हटलं असतं. फाळक्यांच्या नावाने नाशकात पुढचा कार्यक्रम होईल, तेव्हा सरस्वतीबाई आणि दुर्गाबाई यांच्यावर एक सबंध सत्र ठेवा. दादासाहेबांचा मान त्याने कमी होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी व्यासपीठावर येऊन तसं सांगावं.