डांबरावरचे चिखलवीर

पावसाळा तोंडावर आला की पूर्वी पुण्याचा माणूस छत्रीच्या काड्या दुरुस्त करून घ्यायचा, पोरांच्या गमबुटात पाय मावतो का ते बघायचा आणि घरावर कौलं असलीच तर ती शाकारायचा. हल्ली तो टायर बदलतो. टायर झिजले म्हणून बदलत असेल असं तुम्हाला वाटेल. तसं असतं तर मी लेखणी उचललीच नसती. झिजलेला टायर बदलणं हे पुण्यकर्म आहे. मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की कायदाही तेच सांगतो. मी म्हणतोय ते टायर चार हजार किलोमीटरसुद्धा न धावलेले, अंगावरची रबरी लव अजून शाबूत असलेले. ते उतरवायचे, मिळेल त्या किमतीला फुंकायचे आणि त्यांच्या जागी ‘मड-टेरेन’ नावाचे राक्षसी दातांचे टायर चढवायचे, याला आमचा भाचा ‘अपग्रेड’ म्हणतो.

या भाच्याकडे थार आहे. 2020 साली नवी थार आली ती कारखान्यातूनच ऑल-टेरेन टायर घालून आली. ऑल-टेरेन म्हणजे सर्व जमिनी. डांबर, मुरूम, वाळू, खडक, थोडाफार चिखल, सगळ्यांशी मिळतंजुळतं घेणारा हा गृहस्थाश्रमी टायर. कुठेच पहिला नंबर काढणार नाही आणि कुठेच नापासही होणार नाही, थोडक्यात, तुमच्या-आमच्यासारखा. मी भाच्याला भाबडेपणाने विचारलं, “अरे, सर्व जमिनींत चिखल येत नाही का?”

“मामा, तुला नाही कळायचं,” तो म्हणाला.

हे वाक्य ऐकलं की मी अभ्यासाला बसतो. बसलो, आणि मला कळलं.

आधी चिखलाच्या टायरची बाजू मांडतो. टीकाकाराने एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करावी, म्हणजे बाकीच्या दहा नाकारता येतात. काळ्या मातीत भर पावसात ऑल-टेरेन टायर घातलात तर त्याच्या अरुंद खाचा चार फेऱ्यांत भरतात आणि टायरचं लाटणं होतं. मड-टेरेनचे ठोकळे मोठे, मधली जागा ऐसपैस. चाक जोरात फिरलं की तो चिखल भिरकावून देतो आणि पुन्हा दात रोवायला मोकळा होतो. हा गुण खराच. ज्याचं घर, शेत, खाण किंवा नोकरी अशा चिखलाच्या पलीकडे आहे त्याने हे टायर जरूर लावावेत. माझं त्याच्याशी भांडण नाही.

माझं भांडण कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्याशी आहे. वर्षाचे तीनशे दिवस हा माणूस डांबरावर आणि सिमेंटवर असतो. तिथे त्या ऐसपैस खाचांत चिखल नसतो, हवा असते. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, खाचेतली हवा दाबली जाते आणि सुटते, आणि साठच्या वेगाला गाडीत पिठाची गिरणी सुरू होते. आमच्या बहिणीने त्या गाडीत मागे बसून साताऱ्यापर्यंत प्रवास केला. उतरल्यावर ती दोन तास सगळ्यांशी ओरडून बोलत होती.

आवाजाचं एक वेळ सोडा. टायर जड, त्यातून त्याला लोळवायला ताकद जास्त. म्हणजे डिझेल जास्त. यावर भाच्याकडे उत्तर आहे. “अ‍ॅव्हरेज पडलेलं नाही मामा, मीटर कमी मोजतंय.” यात अर्धं सत्य आहे आणि तेच धोक्याचं आहे. हौशी मंडळी टायर बदलताना एक माप मोठंच घेतात. गाडी बिचारी चाकाचे फेरे मोजते; चाक केवढं झालंय हे तिला कोण सांगणार? व्यास पाच टक्के वाढला की पूर्वी ज्या वेगाला काटा 84 दाखवायचा, त्याच वेगाला तो आता 80 दाखवतो. म्हणजे काटा सांगतो सबुरीने चाललोय, आणि पोलिसाचा कॅमेरा वेगळंच सांगतो.

आता ओल्या रस्त्याची गोष्ट. इथे मात्र मला हसू येत नाही. चिखलवीरांचा युक्तिवाद असा, की एवढ्या मोठ्या खाचा आहेत, पाणी झरझर निघून जाणार. तळं साचलं असेल तर जातंही. पण घाटात जुलैत रस्त्यावर तळं नसतं. पाण्याचा पातळ थर असतो, त्यात तेल आणि माती कालवलेली. तिथे हवं असतं रस्त्याला टेकलेलं भरपूर रबर आणि त्या रबरात सुरीने चिरल्यासारख्या बारीक चिरा. चिखलाच्या टायरजवळ सहसा या दोन्ही गोष्टी कमी. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते, पण थोडी पुढे जाऊन. घाटात ‘थोडं पुढे’ काय असतं ते मी सांगायला नको. कुणी जन्मात चिखलात रुतून मेल्याचं मी ऐकलेलं नाही. ओल्या डांबरावर ब्रेक न लागल्याने मेलेल्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचतो. म्हणजे ज्या संकटात फार तर चप्पल हरवते त्याच्यासाठी आपण कवच घालतो, आणि जिथे जीव जातो तिथे ते काढून ठेवतो!

“पण रविवारी आम्ही खरंच चिखलात जातो,” भाचा म्हणतो. जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या आषाढात मला पवन मावळात घेऊन गेला. आठ गाड्या, सोळा कॅमेरे. भातखाचरांमधून जाणारी एक पाणंद होती. आठही गाड्या तिच्यातून चाकं गरगरा फिरवत गेल्या, चिखलाची कारंजी उडाली, टाळ्या पडल्या. आठवी गाडी बाहेर आली तेव्हा त्या पाणंदीत दोन हातभर खोल चर पडले होते आणि त्यांत पाणी भरत होतं. तेवढ्यात मागून एक दूधवाला आला. साधी मोटारसायकल, दोन्ही बाजूंना किटल्या, मागचा टायर आमच्या टकलासारखा. तो थांबला, चर बघितले, खाली उतरला आणि गाडी ढकलत बांधावरून घेऊन गेला. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत.

बांधावर एक म्हातारेबुवा इरलं घेऊन उभे होते. रागावले नव्हते. भाच्याच्या टायरवर हात फिरवून म्हणाले, “चांगला हाय. पर सायेब, तुमी गेल्यावर आमी ह्याच वाटंनं जायाचं. आमच्या बैलास्नी दुसरं पाय न्हाईत.”

मला वाटतं चिखलाबद्दल ज्याला खरी माहिती असते तो असाच बोलतो. त्याच गावात चिखलणीच्या ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, पण खाचरापुरतीच. तीच चाकं घेऊन कुणी डांबरीवर आला तर अख्खं गाव त्याला शिव्या घालतं. शेतकऱ्याला कळतं की चिखलाचा पाय चिखलात ठेवायचा. आणि आपण बी.ई. होऊन तो घेऊन मॉलच्या तळघरात शिरतो.

शिवाय चिखलातून निघायला टायरच बदलावा लागतो असंही नाही. आहे त्या ऑल-टेरेनमधली हवा तीसच्या घरातून अठरा-वीसवर आणा; टायर पसरतो, जमिनीला लांबवर चिकटतो. डांबरी लागली की पुन्हा भरा, नाहीतर टायर तापेल. हवेच्या लहान पंपाला किती पैसे पडतात? पाच टायरांच्या हिशेबात तो चहापाण्यात धरता येईल. आणि त्याहून स्वस्त उपाय म्हणजे खाली उतरून, पँट दुमडून, वाट बघून येणं. तो दूधवाला तेच करत होता. पण पंपाचा फोटो चांगला येत नाही, आणि पँट दुमडलेल्या माणसाचा तर त्याहून येत नाही.

तरीही ज्यांना हे टायर हवेतच, त्यांना माझा विरोध नाही. फक्त एक अट आहे. मड-टेरेनच्या प्रत्येक संचाबरोबर दुकानदाराने एक फावडं आणि एक पाटी फुकट द्यावी. रविवारी पाणंद उकरायची, आणि परत निघण्याआधी चरांत मुरूम टाकून, चोपून ती होती तशी करायची. सोळा कॅमेरे आहेतच. त्याचेही फोटो काढावेत. दोन रविवार हे केलं की ऑल-टेरेन टायर सर्व जमिनींवर चालतात हे माझ्या भाच्यालासुद्धा पटेल.