एका कचेरीत दोन हेडमास्तर

निरुपयोगी म्हणून कपाटात टाकलेली वस्तू पुन्हा कामास लावण्यात आपल्या लोकांस जो आनंद होतो, तो नवी वस्तू विकत घेण्यात क्वचितच होत असेल. गेल्या महिन्यात त्याच आनंदाच्या मोहात पडून मी आमच्या शाळेच्या कचेरीचे काम अर्धा दिवस बंद पाडले. ती हकीकत वाचकांपैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहे.

कचेरीत तीन संगणक आणि एक प्रिंटर. इंटरनेटच्या नव्या जोडणीबरोबर आलेल्या राउटरला मात्र तार जोडण्याचे पोर्ट दोनच. कपाटात पूर्वीच्या जोडणीचा वायरलेस राउटर धूळ खात पडला होता. मी नव्यातून एक तार जुन्यात नेली, तिन्ही संगणक जुन्यास जोडले, प्रिंटर नव्याच्या उरलेल्या पोर्टास लावला आणि खर्च वाचवल्याच्या समाधानात वर्गावर गेलो.

तासाभरात कारकून धावत आले. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता आणि सतरा मुलांचे अर्ज बाकी होते. एका संगणकावर संकेतस्थळ उघडे, दुसऱ्यावर उघडत नसे. जेथे उघडे, तेथेही अर्ज अर्ध्यावर आला की जोडणी तुटे. अर्ज राहिले असते, तर माझ्या काटकसरीची किंमत त्या मुलांनी मोजली असती.

संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यास बोलावले. तारांकडे एकदा पाहून तो हसला आणि म्हणाला, “सर, तुम्ही एका कचेरीत दोन हेडमास्तर नेमलेत!”

त्याने जे समजावले ते असे. ज्यास आपण राउटर म्हणतो, त्या एका डबीत तीन यंत्रे नांदत असतात. पहिले, आपल्या कचेरीची गाठ बाहेरच्या जगाशी घालणारा खरा राउटर; दुसरे, आतल्या यंत्रांचे निरोप ज्याचे त्यास पोचविणारा स्विच; आणि तिसरे, बिनतारी लहरींचे केंद्र. याखेरीज प्रत्येक संगणकास एक क्रमांकी पत्ता देण्याचे कामही ही डबी करते. त्यास डीएचसीपी म्हणतात. आमच्या दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता आणि दोन्ही डब्या पत्ते वाटीत होत्या. एका गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे असली म्हणजे पोस्टमनची जी अवस्था होते, तीच आमच्या संगणकांची झाली होती. आम्हांस जुन्या डबीतला केवळ स्विच हवा होता; तिचा हेडमास्तरपणा नको होता.

उपाय अवघ्या पंधरा मिनिटांचा निघाला. प्रथम जुना राउटर इतर सर्व यंत्रांपासून सोडवून एकाच संगणकास तारेने जोडावा आणि ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता लिहून मांडणीचे पान उघडावे. परवलीचा शब्द विसरला असल्यास, वीज चालू असताना मागील बारीक छिद्रातील रीसेटची कळ टाचणीने सुमारे दहा सेकंद दाबून धरावी, म्हणजे राउटर मूळ स्थितीस येतो. मग त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ असा करावा. मात्र मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्यांत तो येत नाही, हे पाहून घ्यावे. पत्ता बदलल्यावर पान नव्या पत्त्यावर पुन्हा उघडून डीएचसीपी बंद करावे. बिनतारी सोय नको असेल, तर तीही बंद करावी. ठेवायची असेल, तर निदान डब्ल्यूपीए२ पद्धतीचे संरक्षण आणि नवा परवलीचा शब्द अवश्य द्यावा.

आता मुख्य राउटरच्या लॅन पोर्टातून येणारी तार जुन्याच्या लॅन पोर्टातच घालावी. वॅन असे लिहिलेला निराळा पोर्ट रिकामा सोडावा. तार तेथे घातली तर जुना राउटर पुन्हा आपले वेगळे राज्य थाटतो आणि त्याच्यामागचे संगणक पुढील यंत्रांस दिसेनासे होतात. दोन्ही डब्यांमध्ये तार एकच असावी. दुसरी जोडल्यास निरोप वर्तुळात फिरत राहून सारेच ठप्प होण्याचा संभव असतो.

या उपायास मर्यादाही आहेत. जुन्या राउटरचे पोर्ट बहुधा सेकंदास १०० मेगाबिटचे, म्हणजे फार तर साडेबारा मेगाबाइटचे असतात. पत्रव्यवहारास व अर्जांस एवढा वेग पुरतो. मोठ्या चित्रफिती संगणकांमध्ये हलविणाऱ्यांनी मात्र १००० मेगाबिटचा साधा स्विच विकत घ्यावा. त्यास यांपैकी कोणतीही मांडणी करावी लागत नाही. कोणत्याही दोन यंत्रांमधील तार १०० मीटरहून लांब नसावी, हेही ध्यानात ठेवावे.

सायंकाळी साडेपाचपर्यंत सतराही अर्ज गेले. निघताना त्या विद्यार्थ्याने जुन्या राउटरवर कागदाची एक पट्टी चिकटवली: “पत्ता १९२.१६८.१.२. पत्तेवाटप बंद. केवळ स्विच.” मी म्हटले, “आता हे मला पाठ झाले आहे.” तो म्हणाला, “सर, तुमची बदली झाल्यावर येणाऱ्यांसाठी आहे ती.”

घरात कर्त्या सुनेच्या हाती किल्ल्या देऊनही रोज भाजी निवडून देणाऱ्या सासूबाईंचे मोल कमी होत नाही. गोंधळ होतो तो किल्ल्यांचे जुडगे दोघींच्या कमरेला राहिले म्हणजे. आमचा जुना राउटर आता हुकूम देत नाही, कुणास पत्ता वाटत नाही. आलेला निरोप ज्याचा त्यास देतो, आणि कचेरीचे काम सुरळीत चालते.