बालाघाटचे शांत रस्ते आणि आपली रोजी

व्यापाऱ्याला दुकानासमोर गर्दी लागते. ज्या रस्त्यावर वर्दळ नाही तेथे बरकत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे लिंबागणेशच्या आसपासचे ओस वाटणारे आडरस्ते ही एक पुंजी आहे असे आम्ही म्हटले, तर बाजारात बसणारे आमचे भाऊ हसतील. त्यांनी खुशाल हसावे, पण आमचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की वाटेत खजाना विहीर आहे. निजामशाहीत सलाबतखानाच्या वेळी, 1582 साली ती बांधली गेली. जमिनीखालच्या नाल्यांतून पाणी फिरविण्याची तिची रचना पाहायला आजही जाणकार येतात. पुढे मांजरसुंब्याचा घाट चढून आपण बालाघाटच्या माथ्यावर पोहोचतो. तेथून पाटोद्याच्या रस्त्याला वळले की भालचंद्र गणपतीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले लिंबागणेश लागते. बीडपासून अंतर तीसएक किलोमीटर. हमरस्त्यावर ट्रक आणि जीपगाड्या आहेतच. पण मुळुकवाडी, पोखरी अशा गावांकडे जाणारा फाटा धरला की रस्ता एकदम मोकळा होतो. मुरमाड माळ, चढ आणि उतार, दोन्ही बाजूंना लिंब, बाभूळ आणि सीताफळाची झाडे. सकाळच्या वेळी मैलभर गाडीचा आवाज नाही.

हे रस्ते आमच्या पेशाला नवे नाहीत. एसटी दिवसातून एकदा यायची त्या काळात कापडाचा गठ्ठा कॅरियरला बांधून आमचे वडीलधारे याच माथ्यावरच्या बाजारांना सायकलने जात. मनियार, अत्तार, बागवान सगळ्यांची फेरी सायकलवर होती. चढ आला की उतरून ढकलायची, उतार आला की ब्रेक सांभाळायचा. मोटारसायकल आली आणि ती सायकल घराच्या मागे गेली. तिच्याबरोबर गावोगावच्या सायकल मिस्त्रीचे हुनरही मागे पडले. देशातली एक नावाजलेली कंपनी अ‍ॅटलस, तिचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता.

पण शहरात उलटे वारे वाहते आहे. पुणे-नाशिककडे डॉक्टर, वकील, इंजिनियर अशी कमावती माणसे पहाटे सायकली घेऊन बाहेर पडतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याच्या मोहिमा ते स्वतःचे पैसे भरून करतात. त्यांना हवा असतो तो चढ-उताराचा, गाड्या नसलेला रस्ता. शहराजवळ तो आता मिळत नाही. आपल्याकडे तो पडून आहे.

याचा धंद्याशी काय संबंध, हे पाहण्यासाठी थोडे दूर, अंदलूसला जाऊ. आजच्या स्पेनचा तो दक्षिण भाग. तेथील हाएन प्रांतात जैतूनची सहा कोटींहून जास्त झाडे आहेत. जमीन डोंगराळ, पाऊस बेताचा. जैतूनच्या तेलाला तेथे आजही ‘आसेइते’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अज्जैत’वरून आला. राज्य गेले, पण शेतकऱ्याच्या तोंडी आणि तेलाच्या बाजारात तो शब्द राहिला. या तेलाची वाहतूक करणारी एक जुनी रेल्वे 1985 साली बंद पडली. रूळ निघाले. लोकांनी त्या मार्गाची सायकल चालविण्याची वाट केली. तिला नावही ‘तेलाची हिरवी वाट’ असेच दिले. लांबी सुमारे 128 किलोमीटर. जैतूनच्या बागांमधून, जुन्या लोखंडी पुलांवरून ती जाते. बंद पडलेल्या स्टेशनांपैकी काहींत आता खाणावळी आहेत आणि भाड्याने सायकली मिळतात. म्हणजे जी वाट टाकाऊ ठरली होती, तिच्यावरच गावाला नवे गिऱ्हाईक मिळाले.

दुसरे उदाहरण इटलीचे. कियांती या जैतून आणि द्राक्षांच्या डोंगराळ भागात गायोले नावाचे छोटे गाव आहे. तेथे 1997 साली 92 माणसे जुन्या सायकली घेऊन पांढऱ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवर निघाली. हेतू असा की या रस्त्यांवर डांबर पडून ते नाहीसे होऊ नयेत. आज त्या फेरीसाठी जगभरातून हजारो लोक येतात आणि 1987 पूर्वी बनलेल्या सायकलीच त्यात चालतात. आपण भंगारात घातलेली वस्तू आणि आपण मागासलेपणाची खूण मानलेला रस्ता, या दोन्हींवर एका गावाचे नाव झाले.

आता आपल्या माथ्याकडे पाहू. आपले जैतून म्हणजे सीताफळ. त्याला खडकाळ जमीन चालते, पाणी फार लागत नाही, शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे. माल उत्तम आहे. पण फळ पिकले की दोन-तीन दिवसांत हातचे जाते. म्हणून व्यापारी कडक फळ उचलतो आणि झाडावर किंवा पाटीत पिकलेले फळ मातीमोल होते. बागवान भावांना हे आम्ही सांगायला नको.

येथेच आमचा मुख्य मुद्दा आहे. सायकलवाला माल वाहून नेत नाही. त्याला तेथेच बसून खायचे असते, आणि चढ चढून आलेल्या माणसाला भूकही चांगली असते. पुण्याच्या गाडीत जे फळ चढत नाही, तेच पिकलेले फळ त्याला हवे असते. सीताफळाचा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीच्या पुढेमागे. सायकलीला हवा चांगली असते तीही त्याच वेळी. गिऱ्हाईक आणि माल असे एकाच महिन्यात, एकाच रस्त्यावर येण्याचा योग व्यापारात वारंवार येत नाही.

यासाठी भांडवल थोडे लागते, पण तयारी लागते. आमच्या सायकल मिस्त्री भावांनी ध्यानात घ्यावे की या नव्या सायकलींचे चाक आणि व्हॉल्व्ह वेगळे असतात. जुन्या पंपाची नळी त्याला बसत नाही. एक छोटा पितळी जोड, दाब दाखविणारा पायपंप, 700 मापाच्या चार ट्यूब, चेनच्या सुट्या कड्या, एवढे ठेवले तरी पुष्कळ. चाकाचा आऊट काढण्याचे जे हुनर आपल्या हातात आहे, ते शहरातल्या काचेच्या दुकानातही सगळ्यांना येत नाही. सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, हेही माल भरताना लक्षात असू द्यावे. चहावाल्याने स्वच्छ पाणी, सावलीला बाकडे आणि बायामाणसांना वापरता येईल असे शौचालय ठेवावे. शिंप्याने सायकलच्या दांडीला बांधता येईल अशी जाड सुती पिशवी शिवावी. तुकडा माल आम्हा कापडवाल्यांकडे पडलेलाच असतो. भाव एकच सांगावा, आणि तोही आधी. शहरी माणूस म्हणून दुप्पट घेतले तर तो भांडणार नाही, पण पुन्हा येणारही नाही आणि दहा जणांना सांगेल. मुसाफिराचा हक्क आपल्या दीनमध्ये एवढा मोठा मानला आहे की जकातीच्या आठ हकदारांत त्याची गणना आहे. अशा माणसाला दारात फसविणे हा तर दुहेरी तोटा.

यावर दोन हरकती घेतल्या जातील. पहिली, बीडला येणार कोण? वर्तमानपत्रांत आपल्या जिल्ह्याचे नाव दुष्काळ आणि भांडणांसाठीच छापले जाते, हे खरे आहे. पण 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. इतक्या वर्षांच्या मागणीनंतर दार उघडले आहे. आणि बदनामी जाहिरातीने जात नाही. आलेला माणूस सुखरूप परत गेला आणि त्याने चांगले सांगितले, तरच ती जाते.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. महिन्याला पन्नास सायकली आल्या तरी त्याने कोणाचे घर चालणार? आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. यावर एकट्याचे घर चालणार नाही. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास, माथा सगळ्यात हिरवा असतो त्याच वेळी, येथील कुटुंबे ऊसतोडीला निघतात. गावात म्हातारी माणसे आणि शाळेची मुले उरतात. त्या मोसमात एका मिस्त्रीला, एका फळवालीला, एका चहावाल्याला गावातच चार पैसे जास्त मिळाले आणि त्यातले एखादे कुटुंब जायचे थांबले, तर तो नफा आमच्या वहीत मोठा आहे. शिवाय जोखीमही लहान आहे. गिऱ्हाईक नाही आले तर पंप आणि पिशवी गावाच्या उपयोगाला आहेतच.

ग्रामपंचायतींकडे आमचे मागणे साधे आहे. या आडरस्त्यांचे खड्डे वेळेवर बुजवावेत, कडेची झाडे राखावीत, फाट्यावर गावाचे नाव आणि अंतर दाखविणारी पाटी असावी. रुंदीकरण हमरस्त्याला करा. आडरस्ता शांत आहे म्हणूनच त्याला किंमत आहे. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की हमरस्ता सायकलीला धोक्याचा होतो. अशा वेळी पाहुण्याला फजरनंतर निघून दहाच्या आत परतण्याचा आणि आडवाटेने जाण्याचा सल्ला आपणच द्यावा.

अंदलूसच्या शेतकऱ्याने टाकून दिलेली वाट धंद्याला लावली. आपली वाट तर अजून कोणी टाकलेली नाही. या हंगामात लिंबागणेश, मांजरसुंबा, नेकनूर भागातील दोन-चार दुकानदारांनी मिळून एक पंप आणि एक बाकडे ठेवून पाहावे. घराच्या मागे पडलेली सायकल पुसून, हवा भरून एका सकाळी स्वतःही त्या रस्त्याने जाऊन यावे. माल विकण्यापूर्वी तो आपण हातात घेऊन पाहतो, हा आपला जुनाच कायदा आहे.