पगाराची संध्याकाळ

आमच्या वरवे बुद्रुकचा एक भाऊ शिरवळकडच्या कंपनीत कामाला आहे. दारू सोडून त्याला चार महिने झाले होते. घरात दोन वेळचे हसणे-बोलणे सुरू झाले होते. अन् एका रात्री तो पुन्हा पिऊन आला. वहिनी काही बोलल्या नाहीत, दोन्ही मुलांना घेऊन शेजारी झोपायला गेल्या. वस्तीने निकाल दिला, "कुत्र्याचे शेपूट, वाकडे ते वाकडेच."

तिसऱ्या दिवशी तो मला विहारात भेटला. म्हणाला, "दादा, मन घट्ट हाय माझं. पण त्या टायमाला पायच तिकडं वळत्यात."

मी कागद-पेन घेतले आणि त्याला त्या दिवसाचा हिशेब विचारला. दुपारी मोबाईलवर पगार जमा झाल्याचा मेसेज आला. पाळी सुटल्यावर नेहमीचे दोघे भेटले. गावापर्यंत न येता तो त्यांच्याबरोबर अलीकडच्या फाट्यावर उतरला. सकाळच्या भाकरीनंतर पोटात काही नव्हते. त्यात आदल्या रात्री सासुरवाडीवरून भांडण झालेले. घरी जावे तर वहिनी कामावरून सात वाजेपर्यंत येणार नाहीत. बाटली समोर यायच्या आधीच एवढी निमित्ते जमली होती!

बंधू-भगिनींनो, चिंच नुसती पाहिली तरी तोंडाला पाणी सुटते. त्यात आपला दोष नसतो. तसेच वर्षानुवर्षे पगार, ते सोबती, तो फाटा आणि दारू यांची मेंदूत जोडी जुळलेली असते. दारू सुटली तरी ती जोडी लगेच सुटत नाही. जोडीतले एक दिसले की दुसऱ्याची तलफ येते. म्हणून "याला मनच नाही" म्हणून हिणवणे चुकीचे आहे. पण निमित्ते ओळखून तयारी न करणे, हीसुद्धा चूकच.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या लोकांत चार गोष्टींपासून सावध राहायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. आमच्या भावाला त्या दिवशी चारही होत्या.

भगवान बुद्धांनी सांगितले की वेदनेतून तृष्णा जन्मते. वेदना येणे आपल्या हाती नाही, पण तिच्यामागे न धावणे हाती आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी व्यसनी माणसांना हेच शिकवले. तलफ ही लाट आहे, ती चढते तशी उतरतेही. तिच्याशी झगडू नका, श्वासाकडे लक्ष ठेवून तिला पाहत राहा. बहुतेक वेळा अर्ध्या तासात तिचा जोर ओसरतो. तेवढा अर्धा तास कसा काढायचा, हे आधी ठरवून ठेवावे लागते.

आम्ही कागदावर ठरवले ते असे. पगार जमा झाला की घरखर्चाचे पैसे लगेच वहिनींच्या खात्यात पाठवायचे. खिशात भाजलेले चणे-शेंगदाणे ठेवायचे, गाडीतच खायचे. फाट्यावर न उतरता थेट गावात यायचे. सहा ते सात विहारात मुलांच्या अभ्यासाला बसायचे. तलफ आलीच तर मला फोन करायचा, मग मी ऑफिसात असो की जेवायला बसलेलो.

घरच्यांनीही काही पाळावे. जुन्या गोष्टी उगाळून टोमणे मारू नयेत. मुलांदेखत खिसे तपासू नयेत. हळद, वरात, १४ एप्रिलची मिरवणूक अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. ज्या बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, त्यांच्याच मिरवणुकीत पिऊन नाचणारे आपण पाहतो. सुधारू पाहणाऱ्याला ते किती जड जात असेल!

पाऊल घसरलेच तर "आता सगळेच संपले" म्हणून पीत राहू नये. त्याच रात्री घरी खरे सांगावे. आधीचे चार महिने वाया जात नाहीत. कुठले निमित्त राहून गेले ते कळते. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू बंद करू नये. झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेतते. पुण्यात येरवड्याला १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण आहे. तिथे घरच्या माणसांनाही समजावून सांगतात.

आमच्या भावाला आता अकरा महिने झाले. मध्ये एकदा हळदीत घसरला, पण रात्रीच वहिनींना उठवून सांगितले. वहिनींनी या वेळी मुलांना शेजारी नेले नाही. सकाळी दोघांनी मिळून त्या कागदावर 'हळद' हा शब्द लिहिला.

पंचशीलातले पाचवे शील आपण वंदनेत रोज म्हणतो. ज्यांच्या घरी असा एखादा भाऊ, मुलगा किंवा पती असेल, त्यांनी आज रात्री त्याच्याशेजारी बसून असा एक कागद लिहावा.

जयभीम!